गुरुवारचा तेजोमेघ

अथांग आकाशाखाली एकटा उभा राहिला की माणसाला आपलं क्षुद्रत्व कळतं, त्याचा अहंकार गळून पडतो आणि मन विश्वाशी एकरूप होतं. इशेनकुलच्या बाबतीत पायाची बोटं गळून पडायची वेळ आली होती. मनाचं त्याने काही सांगितलं नाही.

"लागतंय का?" मी विचारलं. तो कोळशाच्या खोपटात स्टुलावर बसला होता आणि त्याच्या डाव्या पायाचा अंगठा मी चिमटीत धरला होता.

"नाही."

"आणि आता?"

"आके, तुम्ही नक्की धरलाय ना?"

आमच्या अत-बाशी गावात वडीलधाऱ्या पुरुषाला आके म्हणतात, बाईला एजे. मी त्याचा शेजारी, वयाने मोठा, त्यामुळे त्याच्या अंगठ्याची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली होती. मी त्याला घरात नेऊन कोमट पाण्याच्या घमेल्यात त्याचे पाय सोडले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "दुखतंय." पूर्वी हवामान केंद्रावरून रेडिओवर 'वारा वायव्येचा' म्हणायचा, अगदी त्याच आवाजात.

इशेनकुलने उभं आयुष्य त्या केंद्रावर ढग बघण्यात घालवलं. कुठला ढग, किती उंच, कुठे निघाला, एवढं नारिन शहराला कळवायचं आणि चहा प्यायचा. त्याची बायको सायरा शाळेत भूगोल शिकवायची. ती कधी बिश्केकच्या पुढे गेली नव्हती, पण डोळे मिटून फळ्यावर अॅमेझॉनच्या उपनद्या काढायची. तिला दुर्बीण हवी होती. वर्षानुवर्षं हवी होती. शेवटी नोवोसिबिर्स्कला असलेल्या मुलाने पाठवली. ती आली तेव्हा सायरा आजारी पडलेली होती.

तरी एका संध्याकाळी दोन रजयांत गुंडाळून तिला अंगणात बसवलं. इशेनकुलने मृग नक्षत्रातला तेजोमेघ लावून दिला. सायराने बराच वेळ डोळा लावला.

"हा डाग?" ती म्हणाली.

"डोळ्याला राखाडीच दिसतं. रंग फोटोत येतात. मी काढतो तुझ्यासाठी."

"काढ. आधी बघू दे, मग शेरा देते."

कॅमेरा दुर्बिणीला जोडायचा कसा हे त्याला उमगेपर्यंत वसंत आला, मृग मावळला आणि सायरा गेली.

आमच्याकडे मयताच्या घरचे पुरुष दाराबाहेर काठीवर वाकून उभे राहतात, आणि समाचाराला माणसं येताना दिसली की हंबरडा फोडतात. येणारेही ओरडतच येतात. ज्याला मेलेल्याचं नावही धड माहीत नाही असा लांबचा भाचासुद्धा त्यात कमी पडत नाही. इशेनकुल काठी घेऊन उभा राहिला. माणसं आली की तोंड उघडायचा. आवाज यायचा नाही. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर बातम्या देणारा दिसतो तसा दिसायचा. मग तोंड मिटून घ्यायचा आणि आलेल्याला म्हणायचा, "आत चला, चहा आहे."

सायराची थोरली बहीण उरुमकान एजे आत बायकांत बसून हे सगळं ऐकत होती, म्हणजे ऐकू येत नव्हतं ते ऐकत होती. तिने ते मनात ठेवलं, आणि मनात राहील न राहील म्हणून गावातही ठेवलं.

त्या शरदात इशेनकुल मला म्हणाला, "आके, वर्षश्राद्धाच्या आधी दगड उभा करायचाय. त्यावर सायराच्या मागे तो तेजोमेघ हवा. तिला सांगितलं होतं मी, काढतो म्हणून."

आम्ही दोघं नारिनला दगडवाल्याकडे गेलो. तिथे काळ्या ग्रॅनाइटचे दगड ओळीने उभे होते आणि त्यांवर माणसांचे चेहरे ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले होते. सगळे जरा नाराज दिसत होते.

"मागे काय हवं?" दगडवाल्याने विचारलं. "धबधबा आहे. गरुड आहे. हंसांची जोडी आहे. ड्रायव्हर लोकांना ट्रक काढून देतो."

"तेजोमेघ," इशेनकुल म्हणाला.

"तो कोण?"

"आकाशातला ढग. त्यात तारे जन्मतात."

"ढग नको हो. काळ्या दगडावर ढग काढला की लोकांना वाटतं पॉलिश उडालंय. मग माझ्याशी भांडायला येतात."

"फोटो मी आणून देईन."

"बाईंचा?"

"बाईंचा आहेच. ढगाचा."

दगडवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. "नवरोजपर्यंत आणा," तो म्हणाला. "नंतर आणलात तर हंस."

नवरोज मार्चमध्ये, म्हणजे हिवाळा तेवढा हातात होता. हिवाळ्यात अंधार पडला रे पडला की मृग डोंगरावर हजर असतो. नवरोजच्या सुमारास मात्र तो पश्चिमेला कलतो आणि मग दिसेनासाच होतो. इशेनकुलने कोळशाच्या खोपटाचं अर्धं छप्पर काढलं, दुर्बीण तिथे पक्की बसवली आणि रोज संध्याकाळी तिच्याशेजारी बसू लागला.

मला वाटायचं फोटो म्हणजे बटण दाबलं की झालं. तसं नसतं. यंत्र ताऱ्यांच्या मागे मुंगीच्या चालीने फिरत राहतं. कॅमेरा डोळा उघडून बसतो, मिटतो, परत उघडतो. असे अनेक संध्याकाळींचे शेकडो फोटो लॅपटॉपमध्ये एकावर एक रचायचे.

"असं रचत गेलं की खरं असेल ते वर येतं," इशेनकुलने मला समजावलं, "आणि खोटं आपोआप खाली बसतं."

"आपल्या गावात उलट होतं," मी म्हणालो. तो हसला नाही. सायरा गेल्यापासून माझे सगळे विनोद त्या खोपटात कोळशावर पडून होते.

खरं तर त्याला काहीच होत नव्हतं. पुढ्यात ठेवलं ते खायचा. एकदा मी आमच्या खाऱ्या चहात चुकून मीठ दुप्पट घातलं, तरी त्याने वाटी रिकामी करून पुढे केली. थंडीने बोटं पांढरी पडली तरी त्याला बातमी सर्वांत शेवटी कळायची. उरुमकान एजे एकदा खोपटात डोकावली तेव्हा तिला दिसलं की सायराचं कापूस भरलेलं जाकीट बॅटरीला गुंडाळलंय.

"माझ्या बहिणीचं जाकीट यंत्राला?"

"गारठली की बसते ती, एजे."

"तू नाही कधी बसलास तो," एजे म्हणाली आणि निघून गेली. या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण बोचायला अर्थ लागत नाही.

तरी दर गुरुवारी ती यायची. गुरुवारी आमच्याकडे घरोघर तेल तापतं. पिठाचे चौकोन, बोरसोक, तळायचे. खायचे जिवंतांनी, वास मात्र गेलेल्यांचा. तेवढ्या वासावर ते आठवडा काढतात. इशेनकुलच्या घरात तळणारं कुणी नाही म्हणून एजे दुपारी कढई घेऊन यायची आणि संध्याकाळच्या आत बोरसोकांचं ताट झाकून ठेवून जायची. आणि गुरुवारी दुपारी इशेनकुलला नेमकं हवामान केंद्रावर काम निघायचं. तिथे त्याला आता काम नव्हतं, पण तिथे एजेही नव्हती.

जानेवारी सरता सरता फोटोत काहीतरी घडू लागलं. मधला गुलाबी पुंजका होताच, पण त्याच्याभोवती एक मऊसूत उजेड पसरू लागला. पुढच्या आठवड्यात आणखी पसरला. फेब्रुवारीत तर ताऱ्याताऱ्याला तेजाची प्रभावळ आली आणि सगळं आकाश कसं तुपात तळल्यासारखं चमकू लागलं. ही उपमा मी तेव्हा दिली होती. कुणी लक्ष दिलं नाही.

"बाहेरची धूळ आहे ती," इशेनकुल लॅपटॉपवर वाकून म्हणाला. "फार पुसट असते. मोठमोठ्या वेधशाळांच्या फोटोंतच दिसते."

त्याच्या आवाजात आनंद नव्हता. पण त्या दिवशी त्याने शेवयांचा रस्सा दुसऱ्यांदा वाढून घेतला. मी तोच आनंद धरून चाललो.

फोटो गावभर फिरला. मुख्याध्यापिकाबाईंनी शाळेच्या दारात लावला. इमामसाहेबांनी फोन लांब धरून, जवळ धरून बघितला आणि म्हणाले, "हा नूर आहे. कॅमेऱ्याचं काम नव्हे." उरुमकान एजेने सुद्धा बघितला. पुढल्या गुरुवारी बोरसोक जास्त झाले होते.

दगडवाल्याकडे न्यायच्या आधी एकदा जाणकारांना दाखवावा म्हणून इशेनकुलने तो फोटो बिश्केकच्या आकाशवाल्यांच्या गटावर टाकला. तिथे एकमेकांना कधी न भेटलेली माणसं एकमेकांच्या ताऱ्यांना नावं ठेवतात. थोड्या वेळाने कुणा एकाचं उत्तर आलं. त्याच्या नावाजवळ मांजराचं चित्र होतं.

"मेहनत दिसते. भिंग पुसा."

इशेनकुलने ते दोनदा वाचलं. मग मला वाचायला दिलं, जणू माझ्या चष्म्यातून वेगळं दिसेल.

सकाळी आम्ही दुर्बीण उन्हात नेली. रोज तो अंधारातच झाकण काढायचा, डोक्याला तांबड्या काचेचा मिणमिणता दिवा लावून. त्यात काही दिसणं शक्य नव्हतं. आता दिसलं. भिंगावर पिवळसर, चिकट साय धरली होती. इशेनकुलने कडेला बोट लावलं, वास घेतला आणि बोट माझ्या नाकाशी धरलं.

"बोरसोक," मी म्हणालो.

तो दिवस गुरुवारच होता. इशेनकुलने दुर्बीण परत जागेवर बसवली, झाकण लावलं, आणि या खेपेला तो केंद्रावर गेला नाही. आम्ही दोघं खोपटात कोळशाच्या ढिगामागे बसलो. या वयात लपून बसणं अवघड असतं. कुठला ना कुठला सांधा बोलतोच.

दुपारी दार ढकलून उरुमकान एजे आली. एका हातात कढई, दुसऱ्यात छोटी गॅसची शेगडी, काखेत पिठाचं पातेलं. तिने सगळं खाली ठेवलं, दुर्बिणीचं झाकण काढून एप्रनच्या खिशात टाकलं, शेगडी बरोब्बर दुर्बिणीच्या तोंडाखाली सरकवून पेटवली आणि तेल ओतलं. माझा गुडघा बोलला तो तेव्हा.

"कोण आहे?"

"आम्हीच," मी म्हणालो.

"कोळशात काय करताय?"

"एजे, तुम्ही काय करताय?" इशेनकुलने विचारलं.

"दिसत नाही? तळतेय."

"दुर्बिणीखाली?"

"मग कुठे? घरात तळलं की वास छताला चिकटतो. बाहेर वारा पळवून नेतो. ही एवढी नळी आभाळाकडे तोंड करून उभी आहे. सायरासाठी लावलीय म्हणून तूच सांगत होतास. म्हटलं, वाट आयती आहे, वास थेट जाईल."

"झाकण का काढायचं पण?"

"तोंड बांधून वास जातो होय?" एजे म्हणाली. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून जरा थांबली. "परत लावत होते मी. घट्ट. तुझी वस्तू उघडी टाकून कधी गेले नाही."

इशेनकुलने खाली वाकून शेगडी बंद केली. "एजे, ते फोटो गेले."

"कुठे गेले?"

"तो उजेड तेजोमेघाचा नव्हता. तुमच्या तेलाचा होता. भिंगावर तेल बसलं आणि तारे त्यात पसरले. हिवाळाभराचं सगळं तेलाचं आहे."

एजे कढईकडे बघत राहिली. इमामसाहेबांना हे कोण सांगणार, असा विचार माझ्या मनात आला, आणि तो माणूस मीच असणार हेही लगेच लक्षात आलं.

"दगडाचं काय मग?" तिने विचारलं.

"नवरोजच्या आत एक जरी स्वच्छ संध्याकाळ मिळाली तर होईल. नाही मिळाली तर हंस."

"हंस कुठले?"

"आहेत दगडवाल्याकडे."

एजे उठून उभी राहिली. "ओरड मग माझ्यावर."

"ओरडून काय होणार?"

"काही होत नाही. तरी माणूस ओरडतं. तुझ्या पुऱ्या हिवाळ्याचं वाटोळं केलं मी, निदान कढई तरी लाथाड." त्याने कढई अलगद बाजूला सरकवली. "बहीण गेली माझी, इशेनकुल. तुझा थर्मामीटर नव्हता गेला. दाराबाहेर काठीला टेकून उभा होतास नुसता, खुंटीवर कोट टांगावा तसा. मी आत बसून वाट बघत होते. म्हटलं, आता येईल आवाज, आता येईल."

"मीही वाट बघत होतो," इशेनकुल म्हणाला.

 कढईतलं तेल निवत गेलं.

"झाकण द्या, एजे."

तिने ते खिशातून काढलं आणि सवयीने एप्रनला पुसायला गेली.

"पुसू नका," आम्ही दोघंही म्हणालो.

भिंग साफ करायला शुद्ध स्पिरिट लागत होतं. मी घरची वोदका देऊ केली, मोठ्या मनाने, कारण बाटली न फोडलेली होती. इशेनकुलने ती वासावरूनच नाकारली. माझ्या वोदकाला आजवर कुणी अशुद्ध म्हटलं नव्हतं. शेवटी गुरांच्या डॉक्टरकडून स्पिरिट आणलं. कापसाच्या बोळ्यांनी त्याने ते भिंग पुसलं, आजारी माणसाचं तोंड पुसतात तसं, कडेकडेने, जोर न लावता. ते करताना त्याचा हात सराईत होता. गेल्या वसंतात त्याने ते काम बरंच केलं होतं.

आणि मग बर्फ सुरू झालं. रोज दुपारी ढग पश्चिमेच्या खिंडीतून आत यायचे आणि संध्याकाळी दरीवर पथारी पसरायचे. इशेनकुल दारात उभा राहून त्यांची नावं सांगायचा. आयुष्यभर ज्यांची नोंद ठेवली तेच आडवे आले, यावर दुसऱ्या कुणी निदान एखादी शिवी हासडली असती. तो म्हणायचा, "मध्यम उंचीचे. सरकतायत." दगडवाल्याचा फोन आला. एका बाईंसाठी हंस कोरायला घेतलेत, हात बसलाय, तुमचेही उरकून टाकू का, असं विचारत होता. इशेनकुल म्हणाला, थांबा.

नवरोजच्या तोंडावर एका दुपारी वारा उलटला. माझ्या चिमणीचा धूर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाकला आणि मावळतीपर्यंत आभाळ असं निघालं की बघून दात शिवशिवावेत. मी खोपटात पोचलो तेव्हा इशेनकुल बसलेला होता. यंत्र फिरत होतं. मृग डोंगराच्या वर होता, पण कललेला, उठू की नको अशा बेतात टेकलेल्या पाहुण्यासारखा.

थोड्या वेळाने दार वाजलं. उरुमकान एजे उंबऱ्यातच उभी राहिली आणि तिने दोन्ही पंजे आमच्याकडे करून दाखवले.

"साबणाने धुतलेत. आज तळलेलंच नाही."

"या," इशेनकुल म्हणाला.

ती आत आली, पण बसली नाही. दुर्बिणीला वळसा घालून पलीकडे, तिच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. कॅमेऱ्याने डोळा मिटला आणि लॅपटॉपवर पहिला फोटो उमटला. काळंभोर आकाश. टाचणीने टोचल्यासारखे तारे, एकालाही प्रभावळ नाही. आणि मधोमध पंख पसरलेल्या पाखराएवढा गुलाबी धूसर पुंजका, काठाला निळसर, आत पांढरा.

इशेनकुलने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. एजे वाकून बघत राहिली.

"तेलातला मोठा होता," ती म्हणाली.

"हो."

"हाच खरा?"

"हाच."

"सायराने हा असा नाही पाहिला."

"नाही. तिने डागच पाहिला."

एजे सरळ झाली. तिने डोक्यावरचा रुमाल मागे सारला, तोंड वर केलं आणि गळा सोडला. आमच्या बायका रडतात तेव्हा नुसत्या रडत नाहीत, गाणं बांधून रडतात. शब्द तिथल्या तिथे सुचतात. "फळ्यावर नद्या काढणारी माझी धाकटी गं, शाळा सुटायच्या आधीच घरी गेली गं. जिच्या बोटाखालून समुद्र वाहायचे, तिला वीतभर माती पुरली गं." त्या गारठ्यात तो आवाज खोपटाच्या उघड्या छपरातून वर गेला, आणि खालच्या आळीतली कुत्रीदेखील गप्प झाली.

बाईने असं सुरू केलं की पुरुषांनी साथ द्यायची असते. वयाने मी मोठा, त्यामुळे सुरुवात मलाच करावी लागली. मी काठी शोधली, मिळाली नाही, फावड्यावर वाकलो आणि हंबरडा फोडला. तो निम्म्यात खोकल्यावर गेला, पण तेवढ्याने माझेच डोळे भरून आले.

तेव्हा इशेनकुल स्टुलावरून उठला. दुर्बिणीला धक्का न लावता हळूहळू एजेपर्यंत गेला आणि तिच्यासमोर उभा राहिला. त्याचा चेहरा मला अर्धाच दिसत होता. हनुवटी हलत होती. छाती भरून आलेली दिसली, तोंड उघडलं. एजे रडता रडता थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली. मी फावडं घट्ट धरलं. वर्षभर आत अडकलेलं आता बाहेर येणार, हे आम्हा दोघांनाही कळून चुकलं होतं.

"एजे," तो म्हणाला, "जरा दोन पावलं तिकडे सरकून रडाल का? काचेवर वाफ धरतेय."